दोन किल्ल्यांची खोली

सॅव्हियो तुस्कानोचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्याची नोकरीही अविश्वास दाखवण्याचीच होती. स्वभावाला इतकं साजेसं काम फार थोड्यांना मिळतं. सॅव्हियोला मिळालं, तरी तो सुखी नव्हता, कारण त्या कामात त्याच्यासोबत भिवा राऊळ होता.

शारजाच्या औद्योगिक भागात, टायरवाल्यांच्या आणि पत्र्याची कामं करणाऱ्यांच्या गाळ्यांमागे, पाटी नसलेलं एक गोदाम आहे. त्याचं दुकान दुबईत. तिथे शिकारीच्या नव्या बंदुका काचेच्या कपाटात दिमाखात उभ्या असतात. गोदामात येतात त्या लोकांच्या स्वतःच्या, वापरलेल्या. कुणाचे गुडघे गेले, कुणाची नजर गेली, कुणाला दुसरी हवी असते. मग परवाना असलेला मालक आपली बंदूक दुसऱ्या अमिरातीतल्या परवाना असलेल्या माणसाला विकतो. सौदा त्यांचा, पण मधली सगळी उठाठेव या गोदामाची. इकडच्या पोलिसांची परवानगी, तिकडच्या पोलिसांची परवानगी, नंबर जुळवणं, बंदूक रिकामी आहे ना ते बघणं, आणि तिचा बोल्ट काढणं. बोल्ट म्हणजे बंदुकीतला पुढेमागे सरकणारा लोखंडी तुकडा. तो काढला की बंदूक म्हणजे नुसती काठी. काठी एका पेटीत, बोल्ट दुसऱ्या पेटीत, आणि दोन्ही पेट्या वेगवेगळ्या गाड्यांनी रवाना.

कागद सॅव्हियोचे, पेट्या भिवाच्या. बंदुका ठेवायच्या खोलीला दोन कुलपं, आणि दोन किल्ल्या दोघांकडे. एकाला दुसऱ्यावाचून दार उघडता यायचं नाही. मालकाने ही सोय सुरक्षेसाठी केली होती. या दोन माणसांना रोज सकाळी एका दारासमोर खांद्याला खांदा लावून उभं करणं ही शिक्षा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं दोघं ती भोगत होते. सॅव्हियो आधी आपली किल्ली फिरवायचा आणि बाजूला व्हायचा, जणू शेजारी उभ्या माणसाच्या अंगाला घामाचा वास येत होता. भिवा आपली फिरवायचा आणि दार ओढायचा. गुड मॉर्निंग नाही, राम राम नाही.

सॅव्हियो वसईचा, नंदाखाल गावचा. बापाची केळीची बाग भावाभावांत वाटली गेल्यावर त्याच्या वाट्याला चार ओळी आणि एक विहिरीचा वाद आला. मग मुंबईत कुरियर कंपनी, मग दुबई. इथे येऊन त्याने आयुष्य बरं उभं केलं, हे मान्य करायला हवं. अल बर्शात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको बेव्हर्ली, मुलगी जेनेल ऊद मेथाच्या शाळेत बारावीला. पण जिथे जाईल तिथे हा माणूस भांडण लावून यायचा. इमारतीच्या वॉचमनशी पार्किंगवरून, शाळेशी बसवरून. चर्चच्या क्वायरमधून याला कुणी बाहेर काढलं नाही. फक्त सराव कधी आहे हे सांगायचं बंद केलं. प्रत्येक ठिकाणी आपला अपमान झालाय अशी त्याची खात्री असे. कधी कधी झालेलाही असे, म्हणून तर ती खात्री सुटत नव्हती.

भिवा कुडाळकडचा. आधी साइटवर सळया बांधायचा. गावी घरात माकडांसाठी आणि रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून यायची, निकाल लागला की परत आणायची. हे काम लहानपणापासून त्याच्याकडे. त्यामुळे बंदूक बघून न बिचकणारा माणूस म्हणून त्याला गोदामात घेतलं. बोलायला कंजूष. कामात चोख होता, आणि सॅव्हियोला नेमकं तेच खुपायचं, कारण शिव्या द्यायला जागा सापडत नव्हती.

भांडण पहिल्याच दिवशी सुरू झालं. म्हणजे सॅव्हियोच्या बाजूने सुरू झालं. ते चालू आहे याचा भिवाला पुढे कितीतरी महिने पत्ताच नव्हता. सॅव्हियोने एका बंदुकीचा बोल्ट काढला आणि भिवासमोर धरला. भिवाने हात मागे घेतला.

"हातात नको साहेब," तो म्हणाला. "खाली ठेवा."

सॅव्हियोने टेबलावर ठेवला. मग भिवाने तो उचलला.

बस, एवढंच झालं. पण सॅव्हियोच्या डोक्यात एक जुना पेला खणकन पडला. वसईत शाळेत असताना एका मित्राच्या घरी तो पाणी प्यायला होता. मित्राच्या आईने पेला वेगळा दिला, आणि तो निघाल्यावर अंगणात नेऊन राखेने घासला. त्याने वळून पाहिलं, आणि ते दृश्य आयुष्यभर जपलं. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दर्या ओलांडून आल्यावर, कुडाळचा हा सळया बांधणारा मला शिवत नाही? माझ्या हातचं घेत नाही?

एकदा असं ठरवल्यावर पुरावे काय, हवे तेवढे सापडतात. नाताळाच्या आधी त्याने ऑफिसात बेव्हर्लीने केलेला केक आणला. गुरुवार होता. सगळ्यांनी खाल्ला. भिवा म्हणाला, आज नको साहेब, उद्या खाईन. उद्या शुक्रवार, त्या काळी इथे सुट्टीचा वार. सॅव्हियोला कळायचं ते कळलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी भिवा अंडं खात नाही, ही गोष्ट विचारली असती तर एका वाक्यात मिटली असती. पण विचारायचं कोणी? सॅव्हियो विचारणाऱ्यांतला नव्हता. आणि 'खाली ठेवा' का म्हणतो हे एका मराठी माणसाला समजावून सांगावं लागेल, हे भिवाच्या गावीही नव्हतं.

गोदामाचा नियम तर उलटाच होता. ज्याने बोल्ट काढला त्याने तो दुसऱ्याच्या हातातच द्यायचा. दुसऱ्याने घेईपर्यंत जबाबदारी पहिल्याची. एक बोल्ट पूर्वी कधीतरी पेट्यांच्या ढिगात हरवून दोन दिवस सगळ्यांची झोप उडाली होती, त्यानंतरचा हा नियम. सॅव्हियो नऊ वर्षं बोल्ट टेबलावर आपटत राहिला आणि तक्रार मात्र केली नाही. त्याने ती राखून ठेवली होती. काही माणसं दिवाळीसाठी पैसे साठवतात, सॅव्हियो वैर साठवायचा.

ते खर्चायची वेळ यंदा सप्टेंबरात आली. मॅनेजर हेमचंद्र, इंदूरचा गोडबोल्या माणूस, याने दोघांना बोलावून सांगितलं की मालक खोलीला नवीन इलेक्ट्रॉनिक दार बसवतोय. कार्ड लावलं की उघडतं. किल्ल्या खलास. आणि मग दोन माणसांचीही गरज नाही. एकच राहील, कागदही तोच करेल, पेट्याही तोच भरेल. कोण राहील ते महिनाअखेर ठरेल, इन्शाल्ला. त्याने हे हसत हसत सांगितलं, चहा पाजून.

सॅव्हियो घरी आला तो हिशेब मांडतच. नोकरी गेली की व्हिसा गेला. जेनेलची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. बेव्हर्लीने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हॉटेलातली नोकरी सोडलेली. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार? गावी भिवाचीही म्हातारी आई ठकुबाई होती, नुकतंच लग्न ठरलेली मुलगी समिधा होती. पण ती भिवाची अडचण. सॅव्हियोने त्या बाजूला बघितलंच नाही.

आठवडाभरात फुजैराच्या डोंगराकडचा एक म्हातारा आपली बंदूक घेऊन आला. अल ऐनमधल्या कुणाला तरी विकली होती. दोन्हीकडच्या परवानग्या आलेल्या. म्हाताऱ्याने बंदूक भिवासमोर धरली, भिवाने नेहमीप्रमाणे हाताने टेबल दाखवलं, आणि म्हाताऱ्याने काही न विचारता ती दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली. ती टेबलावर ठेवताना त्याचे डोळे भरून आले होते. सॅव्हियो हे बघत होता. भिवा त्या अरबाच्या हातूनही घेत नाही, म्हणजे प्रश्न सॅव्हियोच्या हाताचा नसावा, हे कुणालाही उमगलं असतं. सॅव्हियो मनात म्हणाला, बघा, याला मुसलमानही चालत नाही.

त्याने बोल्ट काढला. भिवा पेटी आणायला मागे वळला तेवढ्यात तो टेबलावर ठेवला, आणि खिशातला फोन वाजल्यासारखं करून बाहेर गेला. भिवा पेटी घेऊन येईपर्यंत म्हातारा आणि बोल्ट खोलीत एकटे होते. कॅमेरा वर होताच. संध्याकाळपर्यंत हेमचंद्रकडे तक्रार गेली, की पॅकर हातात घेतच नाही, सबब बोल्ट परक्या माणसासमोर उघडा राहिला, आणि हे नऊ वर्षं चाललंय. हेमचंद्र गंभीर झाला. उद्या सकाळी दोघे माझ्यासमोर या, म्हणाला.

त्या संध्याकाळी सॅव्हियो कधी नव्हे तो शीळ घालत घरात शिरला. त्याची आई कॉन्सेप्टा वसईहून व्हिजिट व्हिसावर आलेली होती आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली होती. मासळीचा रस्सा करायचा होता. तिने हिरव्या मिरच्या मागितल्या. जेनेलने कानातला इअरफोन न काढता फ्रीजमधून मूठभर मिरच्या घेतल्या आणि आजीपुढे धरल्या. म्हातारीने हात मागे घेतला.

"हातात नको गं, खाली ठेव."

"ग्रॅनी, इट्स जस्ट चिलीज."

"असू दे. मिरची, मीठ, सुरी, जे झोंबतं नि कापतं ते हातात द्यायचं नाही. भांडण होतं." म्हातारीने ओट्याकडे बोट केलं. "ज्याच्याशी भांडायचंय त्याला दे खुशाल. पण ज्याच्याशी चांगलं राहायचंय त्याच्या हातात देत नाहीत."

जेनेलने डोळे फिरवले आणि मिरच्या ओट्यावर टाकल्या. सॅव्हियो दारात उभा होता. लहानपणी हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलं होतं. ते फक्त मिरच्यांचं आहे असं त्याला वाटत आलं होतं. त्याच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. बेव्हर्लीने विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, काही नाही, ट्रॅफिक होतं.

आता इथे एखाद्या भल्या माणसाने काय केलं असतं? हेमचंद्रला फोन केला असता. तक्रार मागे घेतो, माझी समजूत चुकली, असं सांगितलं असतं. सॅव्हियोने फोन हातात घेतलाही. मग दिवाणखान्यात जेनेल फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेली त्याला दिसली. त्याने फोन ठेवून दिला. त्याला शरम वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी. पण शरमेच्या पाठोपाठ दुसराही एक विचार आला, आणि तो त्याने हाकलला नाही. उद्या हेमचंद्र म्हणेल, हातात घे. भिवा म्हणेल, खाली ठेवा. तिथेच त्याचा निकाल लागेल. नऊ वर्षं त्या माणसाने माझ्याशी भांडण होऊ नये म्हणून जे पाळलं, त्यावरच तो उद्या जाईल. हे सगळं नीट समजून उमजून सॅव्हियो रश्शाला बसला, आणि जेवला.

सकाळी दोघांनी दार उघडलं. फुजैराच्या म्हाताऱ्याचीच बंदूक हेमचंद्रने टेबलावर घेतली. कॅमेऱ्यातलं चित्रण बघून झालेलं होतं. त्याने सॅव्हियोला सांगितलं, बोल्ट घ्या आणि याला द्या, नियमाप्रमाणे.

सॅव्हियोने बोल्ट उचलला आणि भिवासमोर धरला. त्याचा हात थरथरत होता. भिवाने बोल्टकडे पाहिलं, मग सॅव्हियोच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 'खाली ठेवा' हे शब्द ओठांवर येण्याची सॅव्हियो वाट बघत होता, आणि ते यावेत अशी त्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेची त्याला किळसही येत होती.

भिवाने हात पुढे केला आणि बोल्ट घेतला.

हेमचंद्र बघतच राहिला. एवढीशी तर गोष्ट आहे, मग इतकी वर्षं टेबलाचा खेळ कशाला, असं त्याने हिंदीत विचारलं.

"हमारे में अपने आदमी के हाथ में लोहा नहीं देते, साब," भिवा म्हणाला. "झगडा होता है."

"फिर अभी क्यों लिया?"

भिवा पेटीकडे वळला. बोल्ट कागदात गुंडाळून पेटीत ठेवला आणि चिकटपट्टी ओढायला लागला.

हेमचंद्र गोडबोल्या असला तरी आंधळा नव्हता. त्याने सॅव्हियोला थांबवून घेतलं आणि चित्रण पुन्हा लावलं. हाथ में नहीं लिया, वो ठीक है, म्हणाला, पण टेबल सोडून बाहेर कोण गेलं? दुसऱ्याने घेईपर्यंत जबाबदारी कोणाची, हा नियम तुम्हीच तर तक्रारीत लिहिलाय, हबीबी. सॅव्हियोने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो धोंडा नऊ वर्षं स्वतःच जपला होता.

त्या दिवसापासून भिवा सगळं हातात देऊ घेऊ लागला. बोल्ट तर झालाच. कात्री, कटर, पॅकिंगच्या पेट्यांचे खिळे, जे म्हणून टोचतं ते. समोर येऊन उभा राहायचा, सॅव्हियोचा हात पुढे येईपर्यंत हलायचा नाही, आणि वस्तू तळव्यात दाबायचा. तोंडाने अवाक्षर नाही. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय मेळ बसलाय दोघांचा. सॅव्हियो ती घाईघाईने टेबलावर ठेवून द्यायचा. आठवडाभर हे सोसल्यावर एका दुपारी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "भिवा, मला माहीत नव्हतं रे. मला वाटलं तू मला शिवत नाहीस."

भिवाने हातातलं काम थांबवलं.

"नऊ वर्षं नसेल माहीत," तो म्हणाला. "त्या सकाळी होतं. तुमचा हात हलत होता, साहेब."

सॅव्हियोने परवानगीचा कागद पुढे ओढला. खोटं बोलण्यात तो कमी नव्हता, पण या माणसासमोर ते चालणार नाही एवढं त्याला कळलं.

महिनाअखेर निकाल लागला. भिवा राहिला. कारण काय म्हणाल तर ते चित्रण होतं, सॅव्हियोचा पगार जास्त होता हेही होतं, आणि हेमचंद्रला रोज रोज कुरकुर ऐकायचा कंटाळा आला होता हे तर होतंच. कागद कसे करायचे ते भिवाला शिकवून जा, असं सॅव्हियोला सांगण्यात आलं. तेही त्याने केलं. दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसायचे, आणि भिवा फक्त कामापुरतं विचारायचा. घरी बेव्हर्लीने शाळेत चौकशी केली, मुलगी कुणाकडे राहून परीक्षा देऊ शकेल का. जेनेल दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "यू फाइट विथ एव्हरीवन, पपा." म्हातारी कॉन्सेप्टाने परतीचं तिकीट काढायला सांगितलं, मुलाच्या घरात आता आपली अडचण नको, खर्च नको, असं ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी किल्ली द्यायची राहिली होती. नवीन दार अजून चार दिवसांनी बसणार होतं, तोवर दोन्ही किल्ल्या भिवाकडे राहायच्या होत्या. संध्याकाळी शेवटची पेटी गेली, खोली बंद झाली. गाळ्यांतून पत्रा कापल्याचा आवाज येत होता. सॅव्हियोने खिशातून किल्ली काढली. नऊ वर्षं घासून तिचे दात गुळगुळीत झाले होते. त्याने काल रात्रीच ठरवलं होतं काय करायचं ते. माफी मागणं त्याला कधी जमलं नव्हतं, शब्द सापडत नव्हते. पण एक गोष्ट होती जी दोघांनाही शब्दांवाचून कळत होती. तो टेबलाजवळ गेला आणि किल्ली अलगद खाली ठेवली, त्या फुजैराच्या म्हाताऱ्याने बंदूक ठेवली होती तशी. मग एक पाऊल मागे सरला आणि थांबला.

भिवाने किल्लीकडे पाहिलं. ती काय आहे, का ठेवली आहे, सगळं त्याला समजलं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने ती उचलली नाही. टेबलापलीकडून त्याने हात पुढे केला, तळवा वर.

"हातात द्या, सॅव्हियो," तो म्हणाला.

नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच साहेब म्हणाला नव्हता. सॅव्हियोने टेबलावरच्या किल्लीकडे बोट केलं. भिवाचा हात काही मागे गेला नाही. शेवटी त्याने टेबलावरची किल्ली उचलली आणि भिवाच्या हातात दिली. भिवाने मूठ मिटली, दिवा बंद केला आणि त्याच्या आधी बाहेर पडला.